घडीबाईची मुलगी

मोठ्या सरकारी दवाखान्याच्या तळघरात धुलाई विभाग आहे. वरच्या सहा मजल्यांवरच्या चादरी, उशांचे अभ्रे, शस्त्रक्रियेच्या खोलीतले हिरवे कपडे, सगळं एका पत्र्याच्या घसरगुंडीतून खाली येऊन पडतं. तिथे काम करणाऱ्या एका बाईला सगळे घडीबाई म्हणतात. नाव मुकादमांनी ठेवलं. वाफाळती चादर यंत्रातून बाहेर आली, की दुसरी बाई टोक धरायला येईपर्यंत हिची एकटीचीच घडी होऊन जायची, आणि घडी तरी कशी, चारही कोपरे एकमेकांवर चपखल बसलेले. नव्या बायकांना मुकादम म्हणायचे, "मी काही तोंडाने शिकवणार नाही. तिच्या हातांकडे बघत उभ्या राहा."

आज ती कामापुरतंच बोलते. एके काळी मात्र तिची बडबड यंत्रांच्या आवाजावर मात करायची. तेव्हा तिला चार वर्षांची मुलगी होती. मुलीला ती खारू म्हणायची, कारण पोरगी खारीसारखी दोन्ही गालांत घास भरून ठेवायची आणि गिळायचं नाव घ्यायची नाही. नवरा मालगाडी चालवायला म्हणून दुसऱ्या शहरात गेला तो गेलाच. खारूचं तोंडसुद्धा त्याने पाहिलं नाही. घडीबाईने त्याच्या नावाने दोन महिने टिपं गाळली आणि मग तो विषय बंद केला. दोन खोल्या, एक खिडकी, शेजारी एकटी राहणारी शिवणकामवाली मावशी. घडीबाई कामावर गेली की खारू मावशीच्या यंत्राखाली बसून चिंध्यांचे ढीग करायची. दिवस बरे चालले होते.

मग खोकला सुरू झाला. चादरींच्या धुळीचा असेल म्हणून तिने अंगावर काढला. एक दिवस रुमालात रक्त दिसलं. ज्या दवाखान्याच्या चादरी ती धूत होती, तिथल्याच डॉक्टरांनी छातीचा फोटो काढून सांगितलं, क्षय आहे, आणि साध्या गोळ्यांना दाद देणारा नाही. गावाबाहेर टेकडीवर क्षयाचा वेगळा दवाखाना होता, तिथे राहावं लागेल. किती दिवस? डॉक्टर म्हणाले, "वर्ष धरून चाला." आणि मुलीला आणायचं नाही, भेटायचं नाही, जवळ तर मुळीच घ्यायचं नाही.

जायच्या दिवशी तिने तोंडावर फडकं बांधूनच खारूचे केस विंचरले. मावशी म्हणाली, "तू बिनघोर जा. माझ्या पोटच्या पोरासारखी सांभाळीन." खारू तिच्या फडक्याला हसत होती. चोर-पोलीस खेळतोय असं तिला वाटलं.

पहिले तीन महिने मावशीची पत्रं आली, दोन-दोन ओळींची. खारू बरी आहे. खारूचा दात हलतोय. मग पत्रं थांबली. घडीबाईने चार पत्रं टाकली, उत्तर नाही. वॉर्डातल्या सिस्टरने दया येऊन मावशीच्या घराखालच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, "त्या होय? त्या मुलाकडे गेल्या राहायला." सिस्टरने येऊन तसंच सांगितलं. घडीबाईला वाटलं, मावशी गेली म्हणजे खारूही तिच्याबरोबर गेली असणार. मुलाचा पत्ता काही तिच्याकडे नव्हता. पण मावशीच्या शब्दावर तिचा भरवसा होता. तिने गोळ्या गिळल्या, सुया टोचून घेतल्या, एका फुप्फुसाचा तुकडा कापून दिला, आणि दिवस मोजत राहिली.

झालं होतं ते असं. मावशी जिन्यात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. तिला तशीच उचलून मुलाकडे नेलं, घडीबाईचा पत्ता बंद घरातच राहिला, आणि मुलाने खारूला न्यायला साफ नकार दिला. बालकल्याण खात्याची माणसं आली. मावशीने त्यांना कळवळून सांगितलं, हिची आई दवाखान्यात आहे, बरी होऊन येणार आहे. त्या माणसाने ते लिहूनही घेतलं. खात्याच्या फाइलच्या तिसऱ्या पानावर ते वाक्य आजही आहे: "आई आजारी असल्याचे शेजारणीने सांगितले." पण कुठल्या दवाखान्यात, हे कुणी विचारलं नाही, शोधलंही नाही. न्यायालयाची नोटीस निघाली ती बंद घराच्या पत्त्यावर. कुलूप दिसलं, दारावर चिकटवली. दुसरी नोटीस, तीच गत. तिसऱ्या तारखेला न्यायाधीशांनी एकतर्फी निकाल दिला, म्हणजे एकाच बाजूचं ऐकून: आईने मुलीबाबत कोणतीही आस्था दाखवलेली नाही, सबब तिचे हक्क संपले. निकालावर अपील करायला तीस दिवसांची मुदत होती. ते तीस दिवस घडीबाई टेकडीवर छातीत नळी घालून पडली होती. मुदत संपली, निकाल अंतिम झाला, आणि पुढच्या तीन महिन्यांत खारू एका नवराबायकोला कायमची दत्तक दिली गेली. तिचं नावही बदललं.

चौदा महिन्यांनी घडीबाई घरी आली. दारावर दोन कागद होते, उन्हाने पिवळे पडलेले, एकाचं टोक वाऱ्यावर फडफडत होतं. तिने ते वीजखात्याचे असतील म्हणून न वाचताच काढून पिशवीत घातले. शेजारी मावशीच्या दाराला कुलूप. दाराखालच्या फटीतून तिला तिचीच पत्रं दिसली, एकावर एक पडलेली.

दुसऱ्या दिवशी ती बालकल्याण खात्यात गेली. टेबलामागच्या माणसाने फाइल उघडली, वाचली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "हे प्रकरण बंद झालंय बाई."

"बंद म्हणजे? माझी मुलगी कुठे आहे?"

"ते सांगता येत नाही. गुप्त असतं."

"अहो, मी आई आहे तिची!"

"आता नाही," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. फाइलमध्ये लिहिलं होतं ते त्याने वाचून दाखवलं, इतकंच. तिथल्या बाकावर घडीबाई कचेरी बंद होईपर्यंत बसून राहिली. झाडूवाल्या बाईने तिला हात धरून बाहेर आणलं.

मुकादमांनी तिला मोफत सल्ला देणाऱ्या कायदे केंद्रात नेलं. तिथे एक तरुण वकीलबाई होत्या, नुकतीच सनद मिळालेल्या, बोलताना पेन्सिल चावायची सवय असलेल्या. त्यांनी फाइल मागवली, तिसरं पान वाचलं आणि पेन्सिल टेबलावर ठेवली. "ताई, हे सरळसरळ चुकलंय," त्या म्हणाल्या. "तुम्हाला ऐकूनच घेतलेलं नाही."

घडीबाईला वाटलं, झालं तर मग. चूक दिसली म्हणजे ती दुरुस्त होणार. उसवलेलं दिसलं की आपण टाका घालतोच ना?

पण जिल्हा न्यायालयाने म्हटलं, मुदत टळली. वरच्या न्यायालयाने म्हटलं, दुःख आम्हाला कळतं, पण मुदत टळली. सर्वोच्च न्यायालयाने दोन ओळींत अर्ज फेटाळला. यात तीन वर्षं गेली. प्रत्येक निकालाच्या शेवटी 'अंतिम' हा शब्द यायचा. घडीबाई एकदा चिडून म्हणाली, "चुकीचं असलं तरी अंतिम? असला कसला कायदा?"

वकीलबाई म्हणाल्या, "ताई, कधीतरी भांडण संपावं लागतं. नाहीतर कुणालाच काही आपलं म्हणून धरून ठेवता येणार नाही. घर नाही, जमीन नाही, मूल नाही. म्हणून शेवटचा निकाल शेवटचाच असतो. कायदा वाईट नाही. तुमच्यावर मात्र तो वाईट पद्धतीने पडलाय."

"मग आता?"

"आता देशाबाहेर."

अनेक देशांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय न्यायालय बसवलं होतं, आणि तिथे माणूस आपल्याच सरकारविरुद्ध दाद मागू शकत असे. घडीबाईने ते शहर नकाशावरही पाहिलं नव्हतं. तिने दाखवलं तिथे सही केली. तळघरात बातमी पसरली, तेव्हा बायकांना कोण कौतुक! "आमच्या घडीबाईचा खटला परदेशात चाललाय," असं त्या भाजी घेताना लोकांना सांगायच्या. खटला चालला होता खरा, पण गोगलगायीलाही लाज वाटेल अशा चालीने. वर्षाकाठी एखादं पत्र यायचं: आपला अर्ज मिळाला. आपला अर्ज विचाराधीन आहे. सरकारचं म्हणणं सोबत जोडलं आहे. पाच वर्षं. वकीलबाईंच्या केसांत चांदी दिसायला लागली. मावशी मुलाकडेच वारली. मरण्यापूर्वी तिने साक्ष लिहून पाठवली होती, शिवणकामाच्या मापाच्या वहीतल्या पानावर, "मी त्यांना सांगितले होते."

या सगळ्या वर्षांत घडीबाई रस्त्याने जाताना मुलींकडे बघायची. पहिल्या वर्षी पाच वर्षांच्या, मग सहा वर्षांच्या. कोणत्या वयाच्या मुलीकडे बघायचं, हे ती दर वर्षी बदलत गेली. एकदा एका शाळेच्या फाटकाशी ती इतका वेळ उभी राहिली, की पहारेकऱ्याने हटकलं. तिने खरं सांगितलं तर तो म्हणाला, "बाई, आत सातशे मुली आहेत." तिलाही ते ठाऊक होतंच.

निकाल आला तेव्हा वकीलबाई स्वतः धावत तळघरात आल्या. यंत्रांच्या घरघरीत काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी दोन्ही हात वर करून ओरडून सांगितलं, "जिंकलो ताई! जिंकलो!" मुकादमांनी यंत्रं बंद केली. वकीलबाईंनी कागद वाचून दाखवला. सरकारने आईला तिची बाजू मांडू न देता तिच्या कुटुंबाचा हक्क मोडला, असं तिथल्या सात न्यायाधीशांनी एकमताने म्हटलं होतं. सात परक्या माणसांनी. एका बाईने घडीबाईला मिठी मारली, दुसरी रडायला लागली. सगळ्यांना एकच वाटलं, की खारू आता घरी येणार.

घडीबाईलाही तेच वाटलं. तिने घर धुऊन काढलं. खिडकीजवळची जागा रिकामी केली. बाजारात जाऊन चपलांच्या दुकानात उभी राहिली, आणि दुकानदाराने माप विचारल्यावर तिला उत्तर देता येईना. "तेरा वर्षांच्या मुलीचा पाय केवढा असतो हो?" तिने विचारलं. दुकानदार म्हणाला, "मुलीलाच घेऊन या ना." ती बरं म्हणून बाहेर पडली.

चार दिवसांनी वकीलबाईंनी तिला समोर बसवलं. "ताई, त्या दिवशी मी फार ओरडले. तेवढं ओरडायला नको होतं."

"का?"

"ते न्यायालय चूक झाली एवढं म्हणू शकतं. सरकारला भरपाई द्यायला लावू शकतं. पण इथला निकाल त्यांना फाडता येत नाही. तो इथल्याच न्यायालयाने उघडायला हवा. आणि आपल्या कायद्यात बाहेरच्या न्यायालयाने चूक दाखवली तर खटला परत उघडण्याची सोय फक्त फौजदारी प्रकरणांत आहे. म्हणजे कुणी तुरुंगात असेल तर."

घडीबाईला हे कळायला वेळ लागला. "म्हणजे मी तुरुंगात असते तर माझं ऐकलं असतं?"



सरकारने भरपाई मात्र विनातक्रार दिली. तेवढं सोपं होतं. "भरपाई दिली म्हणजे चूक कबूल केली ना?" घडीबाई ज्याला त्याला विचारायची. "मग मुलगी?" एका कागदावर लिहिलं होतं, हिच्यावर अन्याय झाला. दुसऱ्या कागदावर लिहिलं होतं, ही आई नाही. दोन्हीवर शिक्के होते, आणि दोन्ही कागद कायद्याने खरे होते.

वकीलबाईंनी हात टेकले नाहीत. त्यांनी आणखी काही वकिलांना गाठलं, अर्ज केले, वर्तमानपत्रांतून लिहिलं, आमदारांच्या दारात बसल्या. दोन वर्षांनी कायदा बदलला. आता दिवाणी आणि कौटुंबिक खटलेही पुन्हा उघडता येणार होते. फक्त एक अट होती: ज्यांनी त्या निकालावर प्रामाणिकपणे विसंबून आपलं आयुष्य उभं केलं, अशा तिऱ्हाईत माणसांचं नुकसान होता कामा नये.

ती अट घडीबाईने दोनदा वाचून घेतली. "हे तिऱ्हाईत म्हणजे कोण?"

"ज्यांच्याकडे खारू आहे ते."

"ते तिऱ्हाईत. आणि मी?"

"ताई, बाहेरच्या खटल्यात तुम्ही होतात आणि सरकार होतं. ते नवराबायको त्यात नव्हतेच. त्यांना न विचारता मुलगी काढून घेतली, तर तुमच्यावर झालं तेच त्यांच्यावर होईल."

घडीबाई उठून गेली. तीन आठवडे ती वकीलबाईंशी बोलली नाही. मग आली आणि म्हणाली, "टाका अर्ज."

सुनावणीची खोली छोटी होती. न्यायाधीशबाई चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या. त्यांनी विचारलेला पहिलाच प्रश्न असा होता: "नोटीस लावली त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

अकरा वर्षांत हा प्रश्न कुठल्याही न्यायालयात कुणी तिला विचारला नव्हता. घडीबाईने तोंड उघडलं, आणि शब्दच फुटेना. न्यायाधीशबाई थांबल्या. पाणी मागवलं. म्हणाल्या, "सावकाश. मला घाई नाही." मग ती बोलली. टेकडीवरचा दवाखाना, छातीतली नळी, सिस्टरचा फोन, दाराखालची पत्रं, सगळं. वीस-पंचवीस मिनिटं ती एकटी बोलत होती आणि लघुलेखक टंकत होता. शेवटी न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तुम्हाला काय हवं आहे?"

"माझी मुलगी," ती म्हणाली. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच.

दुपारच्या सुट्टीत बाहेरच्या व्हरांड्यात एक बाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली. साधारण तिच्याच वयाची, हातातली पिशवी दोन्ही मुठींनी घट्ट धरलेली. घडीबाईला सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं या बाईला तिने मनातल्या मनात काय काय बोलून घेतलं होतं. आता ती समोर उभी होती.

"आम्हाला सांगितलं होतं, की तुम्ही तिला सोडून गेलात," ती बाई म्हणाली. "शपथेवर सांगते. कागदच दाखवला होता."

"मला माहीत आहे तो कागद."

"निकाल अंतिम झालाय, आता कुणी मागायला येणार नाही, असं त्यांनी सांगितलं, त्या दिवशी कुठे माझ्या घशाखाली घास उतरला. त्याआधी दोन मुलं गेली होती माझी, जन्मतःच." तिने डोळे पुसले. "आणि आता तुम्ही आलात. तुम्हीही खऱ्याच."

घडीबाईला तिचा राग करायचा होता. तो राग तिने इतकी वर्षं जपून ठेवला होता, पण नेमक्या वेळी तो हाताला लागेना. तिच्या तोंडून भलतंच निघालं. "अजून गालांत घास ठेवते का हो ती?"

त्या बाईला आधी कळलं नाही. मग ती रडता रडता हसली. "नाही. दातांना तार लावलीय ना, नीट चावून खाते. लहानपणी ठेवायची. आम्ही ओरडायचो."

"ओरडायचं नाही. गोष्ट सांगितली की गिळते."

"हो का," ती बाई म्हणाली. "मला माहीतच नव्हतं."

दोघी एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून राहिल्या, शिपाई हाक मारेपर्यंत.

न्यायाधीशबाईंनी मुलीला आपल्या दालनात बोलावून तिचं म्हणणं एकांतात ऐकलं. घडीबाईला तिची पाठच दिसली. उंच झाली होती. लांब वेणी, खांदे जरा पुढे झुकलेले, घडीबाईचे स्वतःचे झुकतात तसेच.

निकाल पंधरा दिवसांनी लागला. पहिल्या भागात अकरा वर्षांपूर्वीचा ठपका पुसून टाकला होता: या आईने मुलीला सोडलेले नाही, तिला शोधणे खात्याचे काम होते, ते त्यांनी केले नाही, "आस्था दाखवलेली नाही" हे शब्द अभिलेखातून रद्द करण्यात येत आहेत. घडीबाई ते ऐकताना ताठ उभी होती. मग दुसरा भाग आला. मुलगी सोळा वर्षांची आहे. तिला दुसरे घर आठवत नाही. तिने आहे तिथेच राहण्याची इच्छा सांगितली आहे. दत्तक आदेश कायम राहील. आईला भेटायचे की नाही, हे मुलीने ठरवावे.

वाचून झाल्यावर न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "हे अकरा वर्षांपूर्वी माझ्यासमोर यायला हवं होतं."

बाहेर वकीलबाई पायरीवर बसून ढसाढसा रडल्या. घडीबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला स्वतःला रडू आलं नाही. घरी जाऊन तिने भात टाकला आणि तो करपेपर्यंत गॅससमोर उभी राहिली.

चार महिन्यांनी मुलीने भेटायचं कबूल केलं. जागा वकीलबाईंची कचेरी, वेळ एक तास. घडीबाई अर्धा तास आधी जाऊन बसली. दार उघडलं आणि मुलगी आत आली. तिने वाकून नीट नमस्कार केला आणि विचारलं, "तुम्ही कशा आहात?"

तुम्ही. जगातली सगळी मुलं आईला तू म्हणतात. चिडली तरी तू, लाडात आली तरी तू. खारू तर नुसती "तू, तू" करून डोकं उठवायची: तू ये, तू बस, तू बघ ना. आणि ही समोरची शहाणी मुलगी, शिक्षकांशी बोलावं तशी अदबीने बोलत होती. निकालाने जे इतक्या पानांत सांगितलं होतं, ते घडीबाईला त्या एका शब्दात कळलं.

"बरी आहे," ती म्हणाली. "तू बस."

मुलीने निकाल वाचला होता. परदेशातल्या न्यायालयाचाही, शब्दकोश घेऊन. "तुम्ही खरंच इतकी वर्षं शोधत होता मला?"

"हो."

"मी लहानपणी तुमच्यावर खूप रागवायचे. म्हणजे, सोडून गेलात म्हणून." ती नखं खुडत होती. "ते खोटं निघालं तर मला बरं वाटायला हवं ना? पण मला तुमचं काहीच आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला. चेहरा नाही, आवाज नाही. एकसुद्धा गोष्ट नाही." आणि ती एकदम हमसून रडायला लागली. "माफ करा हं. माफ करा मला."

घडीबाईचे हात पुढे झाले आणि मधेच थांबले. जवळ घ्यावं की नाही, हे तिला ठरवता येईना. शेवटी तिने टेबलावरचा पाण्याचा पेला मुलीकडे सरकवला. "त्यात माफी कसली, बाळा. तू चार वर्षांची होतीस. तुझी काही चूक नाही. आठवलं नाही तरी चालेल."

चालणार नव्हतं. पण मुलीसमोर दुसरं काय बोलणार?

तास संपला. मुलगी परीक्षा झाल्यावर येते म्हणाली, आणि आलीही. वर्षभरात दोनदा आली. शाळेचं सांगायची, मैत्रिणींचं सांगायची, वेळेवर उठायची. मग पुढच्या शिक्षणासाठी लांबच्या शहरात गेली. आता वर्षातून एखादा संदेश येतो: तब्येतीची काळजी घ्या. घडीबाई तो मुकादमांकडून वाचून घेते, कारण आताशा तिला लहान अक्षर दिसत नाही. उत्तरात काय लिहू असं मुकादम विचारतात. "लिहा, बरी आहे," ती सांगते.

गेल्या महिन्यात वकीलबाई पुन्हा तळघरात आल्या होत्या. त्यांच्या हातात दुसऱ्या एका शहरातल्या न्यायालयाचा निकाल होता. तिथे एक गवंडी अपघातात पाय मोडून दवाखान्यात पडला असताना त्याचा मुलगा खात्याने नेला होता आणि खातं त्याला दत्तक देण्याच्या बेतात होतं. न्यायाधीशांनी घडीबाईच्या खटल्याचा दाखला दिला: आधी दवाखाने शोधा, बापाला ऐका, मगच पुढचं. चार महिन्यांत मुलगा बापाच्या घरी परतला.

"तुमच्यामुळे झालं हे, ताई," वकीलबाई म्हणाल्या. "तुमचा खटला आता सगळीकडे वाचून दाखवतात."

घडीबाईच्या हातात चादर तशीच राहिली. "किती वर्षांचा आहे मुलगा?"

"तीन."

"बरं झालं," ती म्हणाली. "फार बरं झालं." मग म्हणाली, "त्या बापाला एक निरोप द्याल का? म्हणावं, पोरगं लगेच ओळखणार नाही. वाईट वाटून घेऊ नको. ओढून जवळ घेऊ नको. रोज नुसतं त्याच्या शेजारी जाऊन बस. येईल आपणहून."

वकीलबाईंनी मान हलवली. त्या गेल्यावर घडीबाईने चादरीची घडी केली, दुसरी उचलली, आणि तिसरीत तोंड खुपसून ती असं रडली, की सगळ्या बायका हातातली कामं टाकून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत तळघराने तिला रडताना पाहिलं नव्हतं. मुकादम जवळ आले. "तुम्ही आज लवकर घरी जा," ते म्हणाले.

"घरी जाऊन काय करू?" तिने विचारलं.

मुकादम तिच्यासमोर चादरीचं दुसरं टोक धरून उभे राहिले.